‘आय गो’ म्हणायचं नाही

मंडळी, बुद्धवंदना झाली. मेणबत्त्या अजून जळतायत. सोसायटीच्या या हॉलमध्ये प्रत्येक मीटिंगला शकू माझ्या शेजारी बसायची आणि सेक्रेटरींचं बोलणं चालू असताना मला कोपराने ढोसायची. आज शेजारी कोणी नाही. समोर तिचा फोटो आहे. तिचा मुलगा नितीन म्हणाला, ‘मावशी, तुम्ही बोला.’ मी उभी राहिलेय खरी. बोलणं जमेल का, माहीत नाही.

आमची दारं समोरासमोर. शकूने बेल कधी वाजवली नाही. ‘ए कॉन्व्हेंट, उघड!’ अशी हाक. मी नन्सच्या शाळेत शिकले, म्हणून हे नाव. बोनकोड्याच्या बाजारात मासे आणायला निघाली तरी दारावर थाप मारून सांगायची, ‘येते गं.’ मी आतून म्हणायची, ‘ये.’ माझे यजमान वारल्यानंतर मला ‘अगं’ म्हणणारी या मजल्यावर तीच एक उरली होती.

नितीन कॅनडात. नात रिया तिथेच जन्मली, मराठी बेताचंच. म्हणून शकू माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. आणि गाडं अडलं कुठे? ‘गो’वर. एवढंसं क्रियापद!

मी सांगायची, ‘मिल्क गोज बॅड.’
‘दूध कुठं जातंय? पातेल्यातच तर हाय.’
‘हेअर गोज ग्रे.’
‘केस गेले तर टक्कल ना गं?’
‘आय ॲम गोइंग टू कुक.’
‘किचन इथंच. त्याला जायचं कशाला?’

हसण्यात चहा निवायचा. मग तीच म्हणायची, ‘बघ, टी गोज कोल्ड.’ सगळं कळायचं तिला.

पण एक वाक्य तिने कधीच म्हटलं नाही. ‘आय ॲम गोइंग.’ फोन ठेवताना ती म्हणायची, ‘आय कम, रिया!’ आपण निघताना ‘येते’ म्हणतो ना? तेच, जसंच्या तसं. तिकडे रियाला वाटलं, आजी येतेय. पोर खिडकीत वाट बघत बसली. नितीनचा फोन आला, ‘आई, काय सांगितलंस तिला?’

मी म्हटलं, ‘शकू, आय ॲम गोइंग म्हण. बरोबर तेच.’

ती एकदम गंभीर झाली. ‘घरातून निघताना जाते म्हनतं का कोन? बरोबर असंल तुझं. मी नाय म्हननार.’

पुढच्या फोनवर तिने रियालाच समजावलं, ‘आय कम मीन्स, नाऊ गो, बट कम.’ रियाला कळलं. तेव्हापासून तीही फोन ठेवताना म्हणायची, ‘आय कम, आजी.’ हो ना गं, रिया?

त्या शेवटच्या दिवशी शकूला हॉस्पिटलला न्यायला खुर्चीत बसवून लिफ्टमध्ये नेलं. श्वास पुरत नव्हता. लिफ्टचं दार बंद होता होता तिने हात वर केला. ‘कॉन्व्हेंट, आय कम.’

मी म्हटलं, ‘ये. चहा टाकते.’

आता फोन येतात. ‘शकूताई गेल्या?’ कोणी इंग्रजीतून विचारतं, ‘इज शी गॉन?’ दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. माझ्याच्याने एकालाही ‘हो’ म्हणवत नाही. नितीन, तुम्ही परतलात की समोरच्या दाराला कुलूप. मग मला ‘येते’ म्हणून सांगणारं कोण? आणि मी तरी ‘ये’ कुणाला म्हणू? खरं सांगते, मला त्या कुलपाची भीती वाटते.

म्हणून एक मागणं आहे. निघताना तिच्या फोटोपाशी थांबा. ‘जातो’ म्हणू नका. मराठीत सांगा, इंग्रजीत सांगा, चुकीचं सांगा. मी सुधारणार नाही.

शकू, ये गं.