केशरी नळी

नारिन गावातल्या व्हॅन-थांब्यावर माझ्या मागच्या बाकावर शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाई बसल्या होत्या. दारूपायी सोडलेला नवरा त्यांना घरी न्यायला आला होता.

“या नळीत फुंक, एर्मेक.”

“सगळ्यांसमोर?”

“पिऊन पडायचास तेव्हा सगळेच होते की. फुंक. श्वासात दारू असली तर तिचं ऑक्सिडेशन होईल आणि हा केशरी क्षार हिरवा पडेल. मग एकटाच परत जा.”

“हं, फुंकलं. बघ, केशरीच आहे.”

“कडेला हिरवट दिसतंय. तुझ्या काकांच्या तंबूत कुमिस प्यायलास ना? घोडीचं दूध असलं तरी आंबल्यावर त्यातही दारूच.”

“काकांनी वाडगा पुढे केला होता. मी नको म्हटलं.”

“काकांना? तू? थापा मारू नकोस.”

“फोन लाव त्यांना.”

“ते तुझीच बाजू घेणार.”

“आता नाही घेणार, कुन्दुझ. वाडगा परत केल्यापासून बोलत नाहीत माझ्याशी.”

“नळी उजेडात धर. अजून वर. …हं. केशरी आहे.”

“व्हॅन आली. येतेस?”

“घरी पोचल्यावर पुन्हा फुंकायचं. उद्याही. परवाही.”

“एवढ्या नळ्या आहेत तुझ्याकडे?”

“वर्षभर पुरतील इतक्या भरून आणल्यात. पिशवी जपून उचल, काच आहे.”