गाडी हातानं चालते, असं मी सांगायचो

काय सांगू ताई, ह्या बाकावर मराठी बोलनारं मानूस भेटलं म्हनून सांगतो, आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्यापासनं लांब, आन तिकडं घरटी एक मानूस फौजेत असतोच, त्यात काय नवल न्हाई. माझा बा फौजेत व्हता, चुलता व्हता, मग मीबी गेलो. शिक्षान आठवी. मामाचा ट्रॅक्टर चालवायची सवय व्हती म्हनून मला ड्रायव्हर केलं. तवर बर्फ म्हंजे मला ठावं काय, तर जत्रंतल्या गोळेवाल्याच्या पेटीतला, लाकडाच्या भुशात ठेवलेला. एवढाच.

आता मला बाहत्तरावं चालू हाय आन ऱ्हातो कुटं, तर सिंगापुरात, बुकित तिमाहला, पोराच्या कॉन्डोत, अकराव्या मजल्यावर. पोरगं संतोष, पाया लेबार भागात मोठ्या हापिसात मॅनेजर हाय. सूनबाई मेघना पुन्याची, लई गुनाची. नात सानवी धा वर्षांची. मी आन आमची ही सहा महिनं हितं, सहा महिनं गावाला. हितं मला काम काय, तर सकाळी खाली बेसमेंटात जायचं आन उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर बघत हिंडायचं. वॉचमन पहिल्यांदा संशयानं बघायचा, आता हात करतो. सवयच ती, टायर बघितल्याबगर मला चहा गोड लागत न्हाई. हितं उनानं टायर मऊ असतो, रस्ता साफ, चारी चाकं सारखी झिजलेली. एकाबी गाडीला बर्फाचा टायर न्हाई, असायचं कारनच न्हाई.

तर आता मुद्द्यावर येतो, तुमी म्हनाल म्हातारा लई लांबन लावतोय. सानवीला बर्फ बघायचा व्हता. डिसेंबरात शाळेला सुट्टी, तवा संतोषनं ठरवलं, परदेशात डोंगराकडं जायचं, गावाचं नाव मला उच्चारता येत न्हाई, आन तिथं भाड्यानं गाडी घेऊन आपनच चालवायची. आमी दोघं घरीच ऱ्हानार व्हतो, थंडी सोसत न्हाई आता. एका रविवारी सकाळी जेवायच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन तो गाडीचा फॉर्म भरत व्हता, मी शेजारी बसलो व्हतो. त्यात एक प्रश्न आला, विंटर टायर, म्हंजे बर्फाचे टायर, पाहिजेत का, हो की नको. संतोषनं नको केलं आन फुडं गेला. मी म्हनलं, थांब, ते काय नको केलंस. तर म्हनाला, बाबा, गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, टायर बारा महिने चालणारे आहेत, बर्फ लागला तर दोन दिवस लागेल, कशाला पाहिजे.

मी त्याला समजावून सांगितलं. म्हनलं, रबराचं भाकरीसारखं असतं, तव्यावरची मऊ, गार झाली की कडक. कडाक्याच्या थंडीत साधा टायर कडक हुतो, त्येला रस्ता धरता येत न्हाई. बर्फाच्या टायरचं रबर येगळं, ते गारठ्यातबी मऊ ऱ्हातं, त्येच्या खाचा बर्फ धरतात. आन चारी चाकांना इंजनाचा जोर मिळाला म्हंजे गाडी निघंल लवकर, चढंल लवकर, पन थांबायला इंजन कामाला येत न्हाई, थांबवतो टायर. कोरड्या रस्त्यावर, नुसत्या पावसात काय बी चालंल, पन बर्फावर पोरंबाळं घेऊन जायचं तर लागतोच टायर, चारीच्या चारी.

तर तो हसला. वाईट न्हाई हसला, लाडानंच हसला. म्हनाला, बाबा, हे तुम्ही सांगताय? चेन घाबरट लावतात, गाडी हातानं चालते टायरनं नाही, हे कोण म्हणायचं? आन सानवी लगेच हितल्या पोरांवानी म्हनली, आजोबा, डोन्ट वरी लाह, पप्पा इज युअर सन.

ताई, ते बोल माझेच व्हते.

मी सुट्टीवर आलो की गावात सलूनच्या बाकड्यावर बसून तेच सांगायचो. लडाखच्या रस्त्याला एक खिंड हाय, दिवाळीच्या आधीच बर्फानं भरते. तिथं टायरला लोखंडाची चेन लावायचा हुकूम असतो. चेन पसरायची, तिच्यावर गाडी चढवायची, मग खाली वाकून आकडे अडकवायचे, अर्धा तास जातो, हातमोजे काढावे लागतात आन उघडं बोट लोखंडाला चिकटून सालटं निघतं. मी फौजेचा ट्रक चेन न लावता न्यायचो. एकदा गेलो, दोनदा गेलो, आठ-धा खेपा गेलो आन सुखरूप आलो. फौजेतली पोरं मला उस्ताद म्हनायला लागली. गावात ऐकनारे डोळे मोठे करून ऐकायचे, न्हावी वस्तरा थांबवायचा. आन संतोष माझ्या मांडीवर बसून ऐकायचा. त्यानं तेच डोक्यात घेतलं, माझा बाप बर्फावर साध्या टायरनं गाडी घालायचा. हापिसातले लोक घरी जेवायला आले तरी त्यास्नी तेच सांगायचा, हे माझे वडील, यांनी हिमालयात अशी गाडी चालवलीय. आन मी मान खाली घालून हसायचो. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पन मी गोष्ट निम्मीच सांगितली व्हती. निम्मी ठेवली व्हती झाकून, हिलाबी ठावं नव्हती, चाळीस वरसांच्या वर संसार झाला तरी.

आठवडाभर मला जेवन जाईना. ही म्हनली, साखर तपासून या. म्हनून शनिवारी संतोष मला डॉक्टरकडं घेऊन गेला, आन परत येताना बेसमेंटात गाडी लावली, इंजन बंद केलं, तो दार उघडनार तवा मी म्हनलं, बस जरा. फुडं बघ, माझ्याकडं बघू नको.

मग सांगितलं. ज्ञानोबा म्हनून एक ड्रायव्हर आमच्यात नवा आला व्हता, बीड जिल्ह्यातला, माझ्याहून चार वरसांनी मोठा, सगळी नोकरी मैदानी मुलखात झालेली, बर्फ पहिल्यांदाच बघत व्हता. मराठी म्हनून माझ्याजवळ बसायचा, वयानं मोठा असून मलाच उस्ताद म्हनायचा. खिंडीखाली गाड्या थांबल्या, चहा चालला व्हता. त्यानं चेन काढून पसरली व्हती, एका चाकाची. माझ्याकडं आला आन म्हनाला, उस्ताद, तुमी लावत न्हाई, मग मी लावू का नको? चार पोरं बघत व्हती. आन मी म्हनलं, चेन घाबरट लावतात ज्ञानोबा, गाडी हातानं चालते. पोरं हसली. त्यानं चेन गोळा केली आन गाडीत मागं टाकली.

मी फुडं, तो माझ्या मागं. तिसऱ्या वळनावर मी आरशात बघितलं. त्यानं ब्रेक मारला व्हता, चाकं थांबलेली व्हती. थांबलेली चाकं आन गाडी चाललीय, हळूहळू, मानूस चालतो तेवढ्या बेतानं, कडेकडं. त्येच्या हातात काय कमी नव्हतं ताई. स्टेअरिंग त्यानं पार फिरवलं व्हतं, मला दिसत व्हतं. हातानं काय हुनार, खाली धरायला कायच नव्हतं. गाडी खाली दरीत गेली, त्येला घेऊन.

चौकशी झाली. चेन गाडीत सापडली, न लावलेली, म्हंजे चूक ड्रायव्हरची. मला साहेबानं इचारलं, कुनी त्येला सांगितलं व्हतं का चेन लावू नको म्हनून? मी सावधान उभा राहून म्हनलं, मला ठावं न्हाई साहेब. एवढंच बोललो. ज्ञानोबाच्या नावावर चूक लिहिली गेली आन मी उस्तादच ऱ्हायलो.

त्या दिवसापासनं रिटायर होईस्तवर मी एक खेप बगर चेनची केली न्हाई. बोटं सोलली तरी लावली. आठ-धा खेपा मी वाचलो ते हातानं न्हाई वाचलो, त्या त्या दिवशी बर्फ भुसभुशीत पडला असंल, नायतर वरच्यानं कृपा केली असंल, म्हंजे नशिबानं वाचलो आन त्येला मी हुशारी म्हनत बसलो. पन गावाकडं आलो की लोक तीच गोष्ट मागायचे आन मी तीच सांगायचो. चेन लावायला लागलो हे कवाच सांगितलं न्हाई. ते कोन ऐकनार, त्यात काय मर्दुमकी.

 बेसमेंटात गरम व्हायला लागलं, संतोषनं काच बी खाली केली न्हाई. मग म्हनाला, म्हणजे मला लहानपणापासून खोटं सांगितलंत. मी म्हनलं, खोटं न्हाई रे, अर्धं सांगितलं. तो म्हनाला, सानवी मागच्या सीटवर बसणार होती बाबा. मी म्हनलं, म्हनूनच सांगितलं, न्हाईतर माझ्याबरोबरच गेलं असतं हे. मग त्यानं इचारलं, त्यांच्या घरी कोण होतं? मी म्हनलं, बायको व्हती, दोन लेकी व्हत्या. तुम्ही गेलात कधी? मी म्हनलं, न्हाई. आमच्या गावापासनं येष्टीनं एका दिवसाचा रस्ता, आन मी गेलो न्हाई.

तो उतरला. लिफ्टमधी आमी दोघं उभे, आरशात बघायला नको म्हनून दोघंबी दाराकडं बघत व्हतो.

दुसऱ्या दिवशी मेघना म्हनली, बाबा, यांनी फॉर्ममध्ये टायर बदलून घेतलेत हं, चारही, आणि चेन पण मागितलीय. त्यो सोता मला कायच बोलला न्हाई. निघताना पाया पडला, सानवीला पाया पडायला लावलं, पन घरात गोष्टीचं नाव काढलं न्हाई. जायच्या आदल्या आठवड्यात त्याचा मित्र जेवायला आला व्हता, तवा म्हनाला, हे माझे वडील. आन थांबला. फुडलं वाक्य आलं न्हाई. मला ठेच लागल्यावानी झालं, पन ते खरंच हाय, फुडलं वाक्य न्हाईच.

हिला मी ते गेल्यावर सांगितलं. ती रडली न्हाई, रागावली न्हाई. म्हनली, त्या बाईला चाळीस वरसं वाटत असंल आपल्या नवऱ्यानं आळस केला, चेन लावली न्हाई. आन उठून भाजी निवडायला गेली.

काल दुपारी फोटो आला, टायरचा. नुसता टायर, बाकी कायच न्हाई, खाली एक अक्षर न्हाई. बर्फात उभा, खाचा खोल, चेन लावलेली, आकडे सारखे बसलेले. मी चष्मा लावून धा वेळा बघितला. मग घंट्याभरानं सानवीचा फोटो आला, टोपी डोळ्यावर आलेली, हातात बर्फाचा गोळा. देव त्या तिघास्नी सुखरूप आनू दे. येतील, टायर बरोबर हायती.

आता माझं ऐका. फेब्रुवारीत आमचा हितं ऱ्हायचा पास संपतो, आमी गावाला जानार. ज्ञानोबाचं घर मी हुडकनार हाय. ती बाई असंल तर तिला सांगायचं, न्हाईतर लेकींना सांगायचं. शिव्या देतील, देऊ देत, दार लावतील तर लावू देत. रोज सकाळी टायर बघून झालं की मी खाली ह्या बाकावर बसून काय बोलायचं ते मनात म्हनून बघतो. पहिलं वाक्य जमलंय, वहिनी, मी त्यांच्या फुडच्या गाडीत व्हतो. दुसरं अजून जमत न्हाई.