काठ किती उंच हवा

...आणि त्या ग्लेनच्या नाकावर मी काही उगाच नाही मारलं, तुम्हाला सांगतो, आधी नीट ऐकून घ्या, मग हव्या तेवढ्या शिव्या द्या. होडी बघायला गेलो होतो मी, मारामारी करायला नाही! इन्घमच्या बाहेर होड्यांचं ते मोठं आवार आहे ना, तिथे मी, लीॲन वहिनी, आणि कुणी न बोलावता आलेला मर्व्ह काका. मासे पकडायला चालेल आणि पोरांना घेऊन बेटावर जायलाही चालेल, अशी एकच ॲल्युमिनियमची होडी हवी होती. पण वहिनीने आधीच बजावलेलं, "कर्ट, होडी पटली तर राहीन, नाही पटली तर पोरांना घेऊन लाँगरीचला आईकडे जाईन." लाँगरीच म्हणजे कुठे, तर तिथल्या लोकांना समुद्र फोटोत दिसतो! भाऊ तर गेलाच, आता पोरंही जाणार, मग मी करू काय, भिंतीशी बोलू?

भाऊ म्हणजे वेन. खेकड्यांचा पिंजरा ओढायला वाकला, होडीचा काठ गुडघ्याएवढा, तोल गेला, इंजिन चालूच, आणि रिकामी होडी गोल गोल फिरत राहिली... त्याच्यावरून. पुढचं नाही सांगत. ती होडी मी कुऱ्हाडीने फोडायला घेतली, तर ॲल्युमिनियम फुटेचना, नुसतं चेपायचं, कुऱ्हाड उडून माझ्याच नडगीवर बसली, तरी मी घालतोय घाव, रक्त बुटात साचलंय, आणि काका मागून म्हणतोय, भंगारवाला पैसे कमी देईल रे. असा आमचा काका.

म्हणून माझी परीक्षा एकदम सोपी. ट्रेलरवरच्या होडीत चढायचं, पिंजरा ओढल्यासारखं काठावरून वाकायचं, आणि अंग सोडून द्यायचं. पहिलीतून पडलो तो थेट खडीवर, कोपर सोललं. दुसरीतून डोक्यावर. ग्लेन म्हणजे तिथला विकणारा, इस्त्रीचा शर्ट, तो मला समजावतोय की मासेमारीला काठ खालीच बरा, ओढायला सोपं पडतं, फॅमिलीसाठी वर छत टाकून देऊ, गाद्या टाकू, शिडी लावू. आणि वर हसून म्हणतो, "शहाणा माणूस होडीतून पडत नाही, मित्रा."

शहाणा माणूस! आता तुम्हीच सांगा, हात कसा आवरायचा? होडी बघायला गेलो होतो हो मी... पण विकणारा तो विकणाराच, नाकाला फडकं लावून गडी पुढची होडी दाखवायला लागला.

ही मात्र उंच काठाची. काकाने तोंड वाकडं केलं, म्हणे यातून मासा दिसायला दुर्बीण लागेल. वहिनी चढली, मागून आम्ही दोघं, ती गादीवर बसली, आणि घरून आणलेली बर्फपेटी उघडून तिने केळ्याचा केक कापायला काढला. काका पांढरा पडला. आमच्याकडे होडीत केळं नेत नाहीत, अपशकुन, केळ्याच्या बागेत राबणारेसुद्धा नेत नाहीत. आणि काका बोललाच.

"त्या दिवशी वेनच्या डब्यात हाच होता, लीॲन."

वहिनीची सुरी केकमध्येच थांबली. तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं, हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती, डबा तिनेच भरलेला, ती रोज स्वतःला हेच सांगत होती. मग मी काकाची गचांडी धरली. सत्तरीचा असेल, पण जन्मभर ऊस तोडलेला हात, एकच ठेवून दिला आणि माझा दात गेला. मी त्याला या काठावर आपटतोय, तो मला त्या काठावर आपटतोय, ट्रेलर कुरकुरतोय, ग्लेन खालून पोलिसांना बोलावीन म्हणून बोंबलतोय, आणि काकाने सगळा भार टाकून मला काठावर असा रेटला की डोकं बाहेर, हात बाहेर, डोळ्यांसमोर खडी... आणि मी तिथेच! कमरेला काठ, एक इंच पुढे नाही. मी उलटा लटकून ओरडलो, "वहिनी, बघ ना, पडत नाहीये मी!"

काकाने हात सोडला. खाली बसला आणि रडायला लागला, सत्तरीचा माणूस, हुंदके देऊन. वहिनीने केकचा तुकडा कापून त्याच्या हातावर ठेवला.

"मुद्दाम आणला होता, मर्व्ह. कोण बोलून दाखवतं ते बघायचं होतं. आता खा. इथेच बसून खा."

खाल्ला त्याने, फुटक्या ओठांनी. मग वहिनी ग्लेनला म्हणाली, "हीच द्या."

तर वहिनी राहिली. दर रविवारी लुसिंडाच्या धक्क्यावरून पोरांना घेऊन निघते, पोरं काठाला टेकून गळ टाकतात, मोठमोठे मासे आणतात. फक्त तिचा एक नियम आहे, हाणामारी करणाऱ्याला होडीत जागा नाही. म्हणून आम्ही दोघं धक्क्यावर, पाण्यात गळाच्या दोऱ्या सोडून बसलेले. काका म्हणतो, इथूनच मासे बरे लागतात.

लागत नाहीत हो. एकही लागत नाही.