शिरीषदादाच्या कंपनीचा चार्ट

इकडे परदेशात, ट्रुगानिनात राहणारा आमचा शिरीषदादा माहितीये ना, सोलर पॅनेलवाला? मी दोन वर्षं त्याच्याकडेच राबत होतो. माझा व्हिसा संपत आला, तेव्हा म्हणाला, "टेन्शन नको घेऊस, मी करतो तुला स्पॉन्सर." पण बाहेरचा माणूस ठेवायचा तर आधी त्याच्या कंपनीला सरकारची मंजुरी हवी. व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंट कुलकर्णीबाई म्हणाल्या, "कंपनीत कोण काय करतं, त्याचा चार्ट आणा."

दादा सोफ्यावर आडवा झाला. "मी सांगतो, तू काढ."

वर दादा, मॅनेजिंग डायरेक्टर. खाली वहिनी, एचआर हेड. मेहुणा ऑपरेशन्सला. नाशिकला बसलेले सासरे सल्लागार. सांगितलं तसं मी मुकाट्याने काढलं, वर रंगीत चौकटीही करून दिल्या.

कुलकर्णीबाईंनी चार्ट पाहिला. "हे सगळे साहेबच दिसतायत. छपरावर चढतं कोण?"

दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा."

"मग हा यात कुठेच कसा नाही?"

दादा चक्क दुखावला. "नाही कसा? अख्खा चार्ट त्यानेच तर काढलाय!"