कोणता काटा हालला

मंडळी, बसा. मागच्याईनं बी बसा, सतरंजी अजून हाये.

मले बोलता येत नाई. गुरुजी आत्ता बोलले, दौलतभाऊचा जन्म, शिक्षण, सिंदीतलं गॅरेज, सगळं कसं ओळीनं सांगतलं. मी नामदेव, ट्रक चालवतो. माह्याजवळ ओळीनं काई नाई. माह्याजवळ एक गुंता हाये, आठ-नऊ वर्सांपासून हाये, आन् ज्याले सोडवता आला असता तो माणूस परवा गेला. म्हून उभा राह्यलो. चुकलं तर सांभाळून घ्याल.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्सीचा दसरा. मी शेठच्या गाडीवर नवाच लागलो होतो. गाडीचा मेनिफोल्ड तडकला होता. मेनिफोल्ड म्हंजे बायाहो, ज्याच्यातून इंजिनाले हवा जाते तो मोठा पाइप. तो काढाचा तर त्याच्या आजूबाजूचंही सोडा लागते. तिथं दोन युनिट असतात, अंगठ्याएवढे. एक गर्मी सांगते, एक तेलाचा दाब सांगते. दोघाच्याई वायरी केबिनमधल्या काट्याईले जातात. आन् दोनी वायरी तेलानं, धुरानं सारख्याच काळ्या. एक झाका, एक दाखवा, कोणाले ओळखू येणार नाई.

दौलतभाऊची एक रीत होती. वायर सोडली की धागा बांधाचा. गर्मीच्या वायरीले लाल, तेलाच्याले पांढरा. कागद नाई, पेन्सिल नाई. तसे धागे बांधून ते मेनिफोल्ड आणाले नागपूरले गेलते.

आन् मी काय केलं? दसऱ्याच्या सकाळी गाडीची पूजा केली. गाडी धुतली. इंजिनात ते दोन मळके धागे लोंबत होते, मले वाटलं कोणाची चिंधी अडकली. काढून फेकले. मंग हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आन् दिसन त्याले पूजेचा लाल नाडा बांधला. त्या दोनी वायरीलेही बांधला. चांगल्या मनानं बांधला, मंडळी. देवाचं काम समजून बांधला.

दुपारी भाऊ मेनिफोल्ड घेऊन आले. बोनटमध्ये पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. रागावले नाई. म्हणाले, नामदेव, तू तर दोघीलेई नवरी करून ठेवलं.

मेनिफोल्ड बसवला. आता वायरी कशा ओळखाच्या? त्याचीही रीत असते. ड्रायव्हर केबिनमधी बसते, चाबी चालू करते. मिस्त्री एक वायर इंजिनाच्या लोखंडाले टेकवते, तसा तिचा काटा उडते. ड्रायव्हरनं सांगाचं, कोणता उडला. एवढंच काम. लहान लेकरू करन असं.

मी बसलो, चाबी फिरवली. तेवढ्यात खिडकीतून शेठच्या वडिलाईचा हात आला. सोनं घे म्हणे, नामदेव. म्हातारा माणूस, मालकाचा बाप, हातात आपट्याची पानं. मी वाकलो, पानं कपाळाले लावली. आन् समोरून भाऊचा आवाज आला, कोणता?

मी वर पाह्यलं. दोनी काटे जाग्यावर. जो उडला तोही खाली बसला होता.

म्हणता आलं असतं, भाऊ, पुन्हा टेकवा. काऊन नाई म्हटलं? नवा ड्रायव्हर, मालकाचा बाप खिडकीशी उभा. मी म्हणालो, गर्मीचा.

भाऊनं ती वायर गर्मीच्या युनिटले लावली. राह्यली ती तेलाची. दुसरी त्याईनं टेकवून पाह्यलीच नाई.

दुसऱ्या दिवशी सरकीची पोती भरून हिंगणघाटले निघालो. गाडी चालू केली तसा गर्मीचा काटा लगेच अर्ध्यावर जाऊन बसला. मले वाटलं, बरं हाये, हालत नाई. तेलाचा काटा हळूहळू वर चढून राह्यला होता. मी अजून खुश. तेल चांगलं चढून राह्यलं म्हटलं. वायरी उलट्या लागल्या होत्या, ती तर गर्मी चढत होती, मंडळी. रेडिएटर कुठंतरी गळत होता, आन् मी खुशीत गाणं म्हणून राह्यलो होतो. हिंगणघाटच्या अलीकडं वाफ निघाली, इंजिनाचं हेड फाटलं.

शेठनं गॅरेजसमोर पन्नास लोकाईत विचारलं, वायर कोणं लावली? दौलतभाऊ म्हणाले, मी लावली. मी बाजूले उभा होतो.

मंग शेठच्या गाड्या गेल्या, त्याच्यामागं बाकीच्याईच्या गेल्या. भाऊले नाव पडलं, उलट्या वायरीचा मिस्त्री. गॅरेज बंद करून ते बोरगाव मेघ्याले दुसऱ्याच्या हाताखाली कामाले लागले. चहाच्या टपरीवर लोक ते नाव घेऊन हासत. मीही हासलो हावो. खोटं कशाले बोलू.

चूक कोणाची होती? कधी वाटते माही. कधी वाटते, दुसरी वायर टेकवून पाहाचं काम तर मिस्त्रीचं होतं. आठ वर्सं मी असाच इकडून तिकडं होऊन राह्यलो.

मागच्या महिन्यात सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलतो, तवा धीर करून सांगतलं. भाऊ, मी काटा पाह्यलाच नोता. त्याईनं डोळे मिटले होते. म्हणाले, "दुसरी वायर मी पाहाले पाह्यजे होती, नामदेव. पण सणाचा दिवस, घरी पानं वाढून ठेवली होती. मले जेवाची घाई झाली. जाऊ दे." मले इतकं हलकं वाटलं. म्हटलं, म्हंजे दोघाईची चूक.

पण मंडळी, काल रात्रीपासून पुन्हा गुंता झाला. भाऊ त्या दिवशी जेवाले गेलेले मले काई आठवत नाई. वहिनी, तुमी समोर बसल्या म्हून विचारतो, मले माफ करा. त्या दसऱ्याले भाऊ जेवाले किती वाजता आले?

...

मागच्याईले ऐकू आलं नसन. वहिनी म्हणतात, "ते जेवाले आलेच नाई. दिवस बुडेपर्यंत गाडीजवळ होते. डबा पाठवला, तोही भरलेलाच वापस आला."

म्हंजे घाई नोती त्याईले. कोणतीच घाई नोती. मी गर्मीचा म्हटलं, आन् त्याईनं खरं मानलं. दुसरी वायर पाह्यली नाई ती माह्या शब्दावर पाह्यली नाई. आन् मरताना खोटं बोलले, ते मले झोप यावी म्हून.

वहिनी, तुमच्या घरच्या माणसानं उलटी वायर लावली नाई. मी न पाहता सांगतलं. हे आठ वर्सांआधी पन्नास लोकाईत बोलाचं होतं, आज बोलून राह्यलो.

आता उभं राहू. दोन मिनिटं कोणी बोलू नका. ज्यानं ज्यानं ते नाव एकदा तरी घेतलं असन, त्यानं मान खाली घाला. पहिली माही.