तीन आवाजांपैकी उरलेला एक

मी, त्सिआला त्रापाइझे, वय ६४ वर्षे, निवृत्त गणित शिक्षिका, सध्या गावच्या संस्कृतिभवनातील संगणक सांभाळते, राहणार वरची आळी, ओझुर्गेती शहराजवळ, गुरिया प्रांत. कोणी न बोलावता ठाण्यात येऊन सांगते की,

गेल्या शरदात आम्ही लग्नाचे एक जुने गाणे ध्वनिमुद्रित केले, तिन्ही आवाज वेगवेगळ्या फाइलींत. वरचा आवाज वालिको लोमजारियाचा. तो फेब्रुवारीत वारला. मधला आवाज गाणारा बटुमी शहरात राहतो, तो पुन्हा गाऊन देईल. खालचा रेझोचा, वय ८१. वालिको आणि रेझो तीस वर्षे एकमेकांशी फक्त गाण्यापुरते बोलत.

दि. ३ मे रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी या फाइली एकेक करून 'संग्रह' नावाच्या फोल्डरमध्ये हलवल्या. आमच्या संगणकावर चित्रे नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात. फोल्डर आधी तयार करायचा असतो. तो मी केलाच नव्हता. फोल्डर नसला की यंत्र ते नाव फाइललाच देते. पहिली फाइल 'संग्रह' झाली, दुसरी 'संग्रह' होऊन पहिलीच्या जागी बसली, तिसरी दुसरीच्या. काम झाले की हा पडदा काही बोलत नाही. तो गप्प राहिला, मी खूश झाले. उघडून पाहिले तर एकटा रेझो. रेकॉर्डरमधले मूळ ध्वनिमुद्रण मी आधीच पुसले होते.

रेझो शेजारीच बसला होता. तेवढ्यात वालिकोचा मुलगा गोचा आला. त्याला वडिलांचा आवाज ऐकून शिकायचा होता. ऐकले आणि तो ओरडला, "म्हाताऱ्या, बापाला जन्मभर पाण्यात पाहिलंस, आता त्याचा आवाजही खाल्लास?"

रेझोने सगळे पाहिले होते, तरी त्याने माझे नाव घेतले नाही. गोचाने तक्रार केली, रेझोला इथे दोनदा बोलावले. नऊ दिवस मी गप्प बसले, याची मला लाज वाटते.

काल त्याच्या घरी जाऊन विचारले, "रेझोदादा, खरं का नाही सांगितलंत?"

"बाई, अर्ध्या गावाला तुम्ही गणितात नापास केलंय. तुमची चूक कळली तर सगळे गुणपत्रिका घेऊन दारात येतील. मला काय, शिव्यांची सवय आहे." मग म्हणाला, "वालिकोचा आवाज मला तोंडपाठ आहे. चाळीस वर्षं त्याच्या खाली गायलोय. पोराला शिकवीन. पण आळ घेतलाय माझ्यावर, तेव्हा आधी त्यानं माझ्याकडे यावं."

चूक माझी एकटीची आहे. रेझोवर आळ राहू नये.

हवालदार माझेच विद्यार्थी; त्यांनी हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. मोठ्याने वाचायला मीच सांगितले, कारण गोचा बाहेर बाकावर बसला आहे.