आप्पांसमोर वायर ओढायची नाही

नाही, "वायर का नाही ओढली" हे मला विचारूच नका! जो भेटतो तो हेच विचारतो. "अरे विनायक, एवढा मास्तर माणूस तू, ओढायची वायर, विषय खलास!" अहो, मला काय हात नव्हते? कॉम्प्युटरची वायर होती, भिंत होती, हातभर अंतरावर मी होतो. पण समोर खुर्चीत आप्पा होते ना! आमचे वडील. अंगात धुतलेला सदरा, पायात चपला, मांडीवर रिपोर्टांची पिशवी, दारात जीप उभी, आणि दुसऱ्या दिवशी इंदूरला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन. आता ओढता वायर? ओढा बरं!

त्याचं असं झालं... नाही, थांबा, आधी डॉक्टरचं सांगतो. बोलायला एकदम गोड माणूस. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "बाबूजी, टेन्शन नहीं लेने का! हार्ट को थोड़ी देर बंद करेंगे, अपना काम करेंगे, फिर चालू कर देंगे. बस!" बस? अरे, तू माणसाच्या काळजाबद्दल बोलतोस की ट्यूबलाइटबद्दल? आप्पांनी जन्म काढला नेपानगरच्या कागद मिलमध्ये. एकदा बंद केलेलं मशीन परत सुरू होताना काय काय नखरे करतं, हे त्यांना सांगायला नको. त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच कमी झालं. जेवता जेवता मध्येच घास हातात धरून विचारायचे, "विनू, नाहीच झालं चालू, तर?"

तर निघायच्या दिवशी सकाळी म्हणाले, "एकदा ती सीडी लाव रे." सीडी म्हणजे त्यांच्या अँजिओग्राफीची. पडद्यावर आप्पांचं हृदय धडधडतंय, आणि समोर बसून आप्पा ते बघताहेत... माझ्या तर अंगावर काटा आला. मग सीडी पिशवीत टाकली आणि म्हणाले, "कर बंद." केलं शटडाऊन! आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे. माझा मेहुणा सुरेश, पुण्याला असतो, त्याने घालून दिलेला. "दाजी, याला व्हायरस लागत नाही. हा मरतच नाही!" मरतच नाही... अगदी खरं बोलला हो लेकाचा! भराभरा ओळी सरकल्या, शेवटी आलं 'पॉवर डाऊन', बाकी पडदा काळा... आणि आत पंख्याचं घुर्रर्र... चालूच!

तुम्ही म्हणाल, इतके दिवस कसं कळलं नाही? अहो, कळणार कसं? बऱ्हाणपुरात कॉम्प्युटर बंद करतो कोण? लाईट जाते! रोज सकाळी नऊला जाणार म्हणजे जाणार. मी त्याच्या आधी शटडाऊन म्हणायचो, टीव्हीसारखा तो पडदा बंद करायचो आणि शाळेत निघून जायचो. पुढचं लाईटवाले बघायचे. बरं चाललं होतं आमचं.

आप्पांनी विचारलं, "होत नाही का बंद?" "होतंय, होतंय," म्हणत मी बटण दाबून धरायला बोट नेलं. "हां! नरडं नाही दाबायचं त्याचं!" बरं. मग वायरकडे हात नेला. तर आप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. "विनू... उद्या माझीपण अशीच ओढतील का रे?" घेतला हो हात मागे! म्हणाले, "शांतपणे, आपोआप बंद होऊ दे. तोवर मी काही उठत नाही."

लावला पुण्याला फोन. "दाजी, रीसेट करा, काळ्या पडद्यावर जा आणि 'पॉवरऑफ' लिहा." रीसेट आप्पांना चाललं, कारण ते उठवणं झालं. लिहिलं. घुर्रर्र. "मग 'हॉल्ट' लिहा." लिहिलं. 'सिस्टम हॉल्टेड' अशी ओळ आली, डॉक्टरच्या सहीसारखी ठाम... आणि आत घुर्रर्र... चालूच! "दाजी, तुमचं मशीन जुनं आहे. सुरू होतानाच्या ओळीत एक शब्द वाढवावा लागेल. कोणता ते बघून सांगतो." बघून सांगतो! इकडे जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय. संध्याकाळच्या आत भरती झालो नाही तर डॉक्टर तारीख पुढे ढकलणार, आणि आप्पांच्या हृदयाकडे पुढची तारीख आहे की नाही, कोणाला ठाऊक?

एकच आशा उरली. नऊ वाजू देत. मी, माझी बायको सुलभा, आप्पा, सगळे घड्याळाकडे डोळे लावून. नऊ वाजले. लाईट... गेली नाही! गल्लीतली माणसं घाबरून बाहेर आली, खांबाकडे बघायला लागली. शेजारच्या मालूबाई दारात येऊन, तोंडाला पदर लावून, "काय वो मास्तर, लाईट गेली नाही? काही वाईट तर नाही ना झालं?" मी लाईटच्या ऑफिसात फोन लावला. "भैया, हमारे यहाँ लाइट क्यों नहीं गई?" "क्या?" "लाइट है हमारे यहाँ!" "हाँ, तो?" "तो घालवा ना!" "भैया, तबीयत ठीक है ना? शाहपुर में मंत्रीजी की सभा है. आज लाइट गई, तो साथ में हम भी गए." आपटला फोन.

आत आलो तर आप्पा त्या डब्याकडे टक लावून बसलेले. "विनू, याला बंद करायला सांगितलं तर बंद होत नाही. मला चालू व्हायला सांगतील, आणि मी..." वाक्य तिथेच सोडलं. आणि खाली वाकून चपला काढल्या. चपला काढल्या हो! मला रडूच यायला लागलं. कॉम्प्युटर गेला खड्ड्यात, पण या घुर्रर्रपायी माझा बाप हातचा जातो की काय!

आणि... खट्! लाईट गेली! घुर्रर्र थांबलं. एवढी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. आप्पांनी कान दिला. "गेली?" "गेली, आप्पा!" चपला घातल्या, उठले.

बाहेर आलो, तर मीटरपाशी सुलभा उभी, पदराला हात पुसत. आणि गल्लीत पंखे बंद, टीव्ही बंद, रेडिओ बंद. सुलभाने घरोघर जाऊन सांगितलं होतं, आणि एकेकाने आपापला मेन स्विच पाडला होता! एप्रिलचं ऊन, मंत्र्याच्या कृपेने फुकटात राहिलेली लाईट, आणि पाडली हो आमच्या आप्पांसाठी! मालूबाई पुठ्ठ्याने वारा घेत मुद्दाम मोठ्याने ओरडतायत, "गेली बाई मेली लाईट!"

सुलभा घरी थांबली, आम्ही निघालो. कोपऱ्यावर गिरधरची पिठाची चक्की धाडधाड चालू! त्याला सांगायचं राहिलं होतं. आप्पांनी मान वळवली. "गिरधरकडे लाईट आहे वाटतं." मी म्हटलं, "डिझेलवर आहे, आप्पा." "हं." मग निंबोला गाव मागे पडल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुलभाला फोन कर. मेन चालू कर म्हणावं, फ्रिजमध्ये दूध आहे."

हृदय बंद केलं. कामही केलं. आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "एक बार में स्टार्ट!" मी त्याच्या गळ्यातच पडलो.

घरी परतलो, तर कॉम्प्युटर चालू. सुलभाने मेन वर केला त्या क्षणी आपोआप उठला होता, आणि तिने भीतीने त्याला बोट लावलं नव्हतं. आप्पांनी त्या डब्यावर हात ठेवला. म्हणाले, "बघ. झालं की नाही चालू?" आणि तेव्हापासून रोज खुर्ची टाकून त्याच्या शेजारीच बसतात.

सुरेशचा तो शब्द नंतर आला. मी गुपचूप घातलासुद्धा. पण तो लागू व्हायला कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करावा लागतो. आता करतो कोण? आवाज जरा बदलला की आम्ही आधी आप्पांच्या छातीकडे बघतो! त्यांच्या हुकमाने इन्व्हर्टर आणलाय, फक्त त्या कॉम्प्युटरसाठी. आता लाईट परत रोज नऊला जाते, बराबर. आम्ही सगळे घामाघूम, हातात पुठ्ठे... आणि तुम्हाला सांगतो, अख्ख्या घरात पंखा एकच चालू असतो. त्याच्या पोटातला.